एकच गेम, वेगवेगळी स्टोअर : न जुळणाऱ्या प्रती कशा ओळखाव्यात आणि कशा चालवाव्यात

एखादा गेम एपिकवर मोफत मिळतो म्हणून खात्यात घेतला जातो. पुढे स्टीमवर सेल लागतो आणि त्याच गेमचे डीएलसी (मूळ गेमला जोडायचा जादा भाग) तिथे स्वस्तात दिसते म्हणून तेही विकत घेतले जाते. ते डाउनलोड करायला गेले की स्टीम मूळ गेम मागतो, आणि एपिकवरील मूळ गेमला या खरेदीचा पत्ताही नसतो. पैसे गेले, डाउनलोडचा डेटा गेला आणि दोन्ही अर्धवट राहिले, असे अनेकांचे होते. स्टीम, गॉग, एपिक आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर यांच्यावर एकाच नावाने आणि एकाच चित्रासह विकले जाणारे गेम हे तांत्रिकदृष्ट्या निरनिराळे प्रोग्रॅम असतात, हे लक्षात घेतले तर अशा बहुतेक अडचणी खरेदीपूर्वीच टाळता येतात, आणि उरलेल्या कुठे शोधायच्या हेही कळते.

गेमच्या फोल्डरमधील चित्रे, आवाज, नकाशे आणि संवाद यांच्या फाइली सगळ्या स्टोअरवर बहुधा सारख्याच असतात. फरक असतो तो गेम सुरू करणाऱ्या मुख्य एक्झी फाइलमध्ये आणि तिच्या शेजारी ठेवलेल्या, तिला मदत करणाऱ्या डीएलएल फाइलींमध्ये. स्टीमवरील प्रत स्टीमवर्क्समार्फत खेळाडूचे खाते, अचीव्हमेंट, क्लाउड सेव्ह आणि खरेदी केलेले डीएलसी तपासते. एपिकवरील प्रत हेच काम एपिकच्या ऑनलाइन सेवांकडून करून घेते, तर गॉगवरील प्रतीत गॅलेक्सी या गॉगच्या लाँचरशी बोलणारी फाइल असते आणि ती नसली तरी गेम एकट्याने खेळता येतो, कारण २००८ साली सुरू झाल्यापासून गॉग डीआरएमविना, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाविना, गेम विकत आले आहे. स्टीमवरील काही गेमच्या एक्झी फाइलवर वाल्व या स्टीमच्या कंपनीचे कुलूप असते, काहींवर नसते. म्हणून एका स्टोअरची एक्झी फाइल दुसऱ्या स्टोअरच्या फोल्डरमध्ये टाकून काम भागेल, ही आशा सोडून द्यावी. गेम उघडत नाही आणि मूळ फाइल मात्र हातची जाते.

आपल्याकडे नेमकी कोणती प्रत आहे

काहीही दुरुस्त करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: गेम कोणत्या स्टोअरचा आहे, त्याचा आवृत्ती क्रमांक काय आहे, तो ३२-बिट आहे की ६४-बिट, आणि तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे. आवृत्ती क्रमांक पाहण्यासाठी गेमच्या मुख्य एक्झी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि डिटेल्स या टॅबमधील फाइल व्हर्जनची ओळ वाचावी. गेमच्या मेनूत कोपऱ्यात दिसणारा क्रमांक कधीकधी अर्धाच असतो, त्यामुळे या ओळीवर विसंबणे चांगले. एखादा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल किंवा भर) चालत नाही म्हणून मदत मागणाऱ्याने ही चार उत्तरे आधीच दिली, तर मदत करणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

मॉडचे दुखणे

वेगवेगळ्या स्टोअरच्या प्रतींमधील फरक सर्वांत जास्त जाणवतो तो मॉड बसवताना, आणि स्कायरिम स्पेशल एडिशन हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. या गेमचे शेकडो मॉड एसकेएसई नावाच्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर अवलंबून असतात. गेम सुरू असताना त्याच्या एक्झी फाइलमधील ठरावीक ठिकाणच्या सूचना पकडून एसकेएसई त्यात आपली भर घालते. एक्झी फाइल नव्याने तयार झाली की त्या सूचनांचे पत्ते सरकतात, म्हणून प्रत्येक आवृत्तीसाठी एसकेएसईची स्वतंत्र आवृत्ती लागते. स्टीमवरील १.६.११७० या आवृत्तीसाठी एक एसकेएसई आहे आणि गॉगवरील १.६.११७९ साठी दुसरे. एपिकवरील आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सेवेतील प्रतींसाठी ते मुळात दिलेलेच नाही. ज्याला स्कायरिम भरपूर मॉड लावून खेळायचा आहे, त्याने तो गेम पासवर घेणे म्हणजे पुढे दुसऱ्यांदा पैसे भरण्याची तयारी ठेवणे होय. हा गेम नोव्हेंबर २०२१ मधील अॅनिव्हर्सरी एडिशनच्या अपडेटपर्यंत १.५.९७ वर होता, आणि काही जुने मॉड आजही त्याच आवृत्तीसाठी लिहिलेले सापडतात. मॉडच्या पानावर ‘अॅड्रेस लायब्ररी आवश्यक’ असे लिहिलेले असेल, तर पत्त्यांच्या सरकण्यावर थोडा उपाय केलेला असतो. पण ती लायब्ररीही आपल्या आवृत्तीला जुळणारीच घ्यावी लागते.

एसकेएसई उतरवून घेतल्यावर संकुचित फाइलमधील लोडर आणि डीएलएल फाइल गेमच्या मूळ फोल्डरमध्ये, म्हणजे जिथे स्कायरिमची एक्झी फाइल आहे तिथेच, ठेवावी. डेटा या उपफोल्डरमध्ये ती टाकली तर काहीच घडत नाही. यानंतर गेम नेहमी लोडरवरून सुरू करावा. सुरुवातीलाच आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश आला, तर त्यातील दोन्ही क्रमांक वाचावेत. बहुतेक वेळा उत्तर तिथेच लिहिलेले असते: गेम पुढे गेलेला असतो आणि एसकेएसई मागे राहिलेले असते, किंवा गॉगच्या प्रतीवर स्टीमचे एसकेएसई बसवलेले असते.

हे टाळायचे तर अपडेटवर आपला ताबा असला पाहिजे. गॉग गॅलेक्सीमध्ये गेमच्या सेटिंगमधून आपोआप होणारे अपडेट बंद करता येते आणि अनेक गेमची जुनी आवृत्तीही यादीतून निवडता येते. शिवाय ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला, तर ती आवृत्ती कायमची आपल्या हाती राहते. माझ्या मते मॉड लावून खेळणाऱ्यासाठी ही सोय गॉगचा सर्वांत मोठा गुण आहे. स्टीममध्ये अपडेट पूर्णपणे बंद करण्याची सोय नाही. प्रॉपर्टीजमधील अपडेट्स या भागात ‘गेम सुरू करतानाच अपडेट करा’ हा पर्याय निवडून ते फक्त लांबवता येते, आणि काही गेमच्या बाबतीत बीटाज या भागातून जुनी आवृत्ती मिळते. एप्रिल २०२४ मध्ये फॉलआउट ४ चे मोठे अपडेट आले, तेव्हा एफ४एसई या त्या गेमच्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर चालणारे मॉड एका दिवसात बंद पडले, आणि ज्यांनी जुनी आवृत्ती राखून ठेवली होती तेच निर्धास्तपणे खेळत राहिले.

कधीकधी एका स्टोअरवरील प्रत बदलते आणि दुसऱ्यावरील तशीच राहते. फॉलआउट ३ ची स्टीमवरील प्रत अनेक वर्षे मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या सेवेत अडकून पडली होती आणि नव्या विंडोजवर ती सुरू करणेच कटकटीचे होते, तर गॉगवरील प्रतीत ती सेवा नव्हतीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्टीमवरील प्रतीतूनही ती काढून टाकली गेली, पण त्यासाठी एक्झी फाइल नव्याने तयार झाली आणि जुने स्क्रिप्ट एक्स्टेंडर तिच्याशी जुळेनासे झाले. त्यावर चाहत्यांनी एक्झी फाइल मागच्या आवृत्तीवर नेणारे पॅच तयार केले आहेत. म्हणून फॉलआउट ३ च्या मॉडबद्दलचे मार्गदर्शन वाचताना ते २०२१ च्या आधीचे आहे की नंतरचे, हे पहिल्यांदा पाहावे.

२०१० साली आलेल्या फॉलआउट : न्यू व्हेगासची तऱ्हा आणखी निराळी आहे. हा ३२-बिट गेम आहे आणि मुळात तो फक्त २ जीबी मेमरी वापरू शकतो, म्हणून मोठे मॉड लावण्यापूर्वी ४ जीबीचा पॅच लावण्याची पद्धत आहे. एपिकवरील प्रतीवर तो पॅच थेट लागत नाही, त्याआधी एपिकच्या प्रतीसाठीच केलेला वेगळा पॅच लावावा लागतो. एपिक या गेमच्या निरनिराळ्या भाषांची निरनिराळी फोल्डर उतरवते, आणि मॉड बसवायचे असतात ते इंग्रजीच्या फोल्डरमध्ये. अनेक मॉड मॅनेजर गेम कुठे आहे हे विंडोजच्या रजिस्ट्रीतील नोंदीवरून शोधतात. ती नोंद नसली तर गेमचा मूळ लाँचर एकदा उघडून बंद करावा, आणि तरीही गेम सापडत नसेल तर मॉड मॅनेजरला फोल्डर हाताने दाखवावे.

सेव्ह एका स्टोअरवरून दुसऱ्यावर नेताना

साठ-सत्तर तास खेळून झालेला गेम दुसऱ्या स्टोअरवर घेतला तर ती मेहनत वाया जाईल का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गेम सेव्ह कुठे ठेवतो यावर अवलंबून असते. द विचर ३ ची स्टीम, गॉग आणि एपिक यांवरील प्रत डॉक्युमेंट्समधील एकाच फोल्डरमध्ये सेव्ह ठेवते, त्यामुळे त्याच संगणकावर दुसरी प्रत बसवली तर जुने सेव्ह बहुधा आपोआप दिसू लागतात. मात्र नवी प्रत जुन्या आवृत्तीची असली किंवा तिच्यात एखादे डीएलसी नसले, तर सेव्ह उघडत नाही. काही गेम सेव्ह स्टीमच्या यूजरडेटा या फोल्डरमध्ये ठेवतात आणि काही गेम सेव्हचे नाव खात्याच्या क्रमांकाशी बांधतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या गेमचे सेव्ह अॅपडेटामधील पॅकेजेस या फोल्डरच्या पोटात, डब्ल्यूजीएस नावाच्या जागी असतात, आणि तिथे ओळखीचे एकही नाव दिसत नाही, दिसतात त्या फक्त अक्षरे व आकडे मिसळलेल्या लांबलचक नावांच्या, प्रकार न लिहिलेल्या फाइली. अशा फाइलीचे नाव बदलून ती स्टीमच्या फोल्डरमध्ये टाकल्यावर काही गेम ती स्वीकारतात, पण सगळे नाही.

सेव्ह हलवताना क्रम पाळावा. आधी दोन्ही स्टोअरवर त्या गेमचे क्लाउड सेव्ह बंद करावे, जुन्या सेव्हची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी, नव्या प्रतीत गेम सुरू करून एक नवा सेव्ह करावा म्हणजे फोल्डर तयार होते, आणि मग जुन्या फाइली तिथे नेऊन ठेवाव्यात. सेव्ह नीट उघडल्याची खात्री झाल्यावरच क्लाउड पुन्हा सुरू करावे, आणि तेव्हा संगणकावरील की क्लाउडमधील अशी विचारणा झाली तर संगणकावरील निवडावे. या एका चौकटीत घाईने चुकीचे बटण दाबल्यामुळे गेलेले सेव्ह परत मिळणे कठीण असते.

मराठी वापरकर्त्यांनी इथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. विंडोजमध्ये लोकल खाते उघडताना आपले नाव देवनागरीत लिहिले, तर यूजर्समधील आपले फोल्डरही देवनागरी नावाचेच तयार होते. आजच्या गेमना त्याची अडचण होत नाही. परंतु अनेक जुने गेम युनिकोड वापरत नाहीत आणि विंडोजच्या जुन्या कोड पेजवर (ठरावीक लिपींच्या अक्षरतक्त्यांवर) चालतात, आणि त्या जुन्या व्यवस्थेत देवनागरीसाठी कोड पेज कधी नव्हतेच. परिणामी फोल्डरच्या नावातील प्रत्येक अक्षराच्या जागी गेमला प्रश्नचिन्ह दिसते, आणि विंडोजमध्ये फाइल किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नसल्याने सेव्ह होतच नाही. गेम सुरू होतो, खेळता येतो, पण बंद करून उघडला की सगळे पुसलेले असते, अशा तक्रारीमागे हे कारण असू शकते. खात्याचे दिसणारे नाव नंतर बदलले तरी फोल्डरचे नाव बदलत नाही, म्हणून रोमन अक्षरांत नवे लोकल खाते उघडून तिथे गेम खेळणे हा सर्वांत सुरक्षित उपाय होय. रीजनच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ चा एक बीटा पर्यायही आहे आणि त्याने काही गेम सुधारतात, परंतु युनिकोडपूर्व मराठी टंकांवर चालणारे एखादे डीटीपी सॉफ्टवेअर त्याच संगणकावर असेल, तर त्याच्यावर परिणाम होऊ शकतो. घरात कुणी त्यावर काम करत असेल तर हा पर्याय वापरू नये.

वनड्राइव्हनेही गोंधळ होतो. त्याने डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे घेतले असेल, तर गेम एका जागी सेव्ह शोधतो आणि फाइली दुसरीकडे असतात. अशा वेळी वनड्राइव्हच्या बॅकअप सेटिंगमधून डॉक्युमेंट्स वगळावे.

जुने गेम आणि नवे विंडोज

इथे दोष बहुधा स्टोअरचा नसतो, पण कोणत्या स्टोअरने गेम किती डागडुजी करून विकला आहे, याने मोठा फरक पडतो. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे, त्यामुळे डॉसच्या काळातील गेम डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरशिवाय (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय) उघडणार नाहीत. गॉग असे गेम डॉसबॉक्स जोडून आणि त्याची मांडणी करूनच देते. सीडीवरील सेफडिस्क या संरक्षणाला विंडोज १० पासून स्थान नाही, म्हणून कपाटातील मूळ सीडी शाबूत असूनही गेम चालत नाही. तिथे डाउनलोडची प्रत विकत घेणे हाच सरळ मार्ग आहे.

साधारण १९९७ ते २००५ या काळातील गेमसाठी पुढील उपाय आधी करून पाहावेत. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये न बसवता सी किंवा डी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत नाव दिलेल्या साध्या फोल्डरमध्ये बसवावा. जुने गेम आपल्याच फोल्डरमध्ये सेव्ह आणि सेटिंग लिहितात, आणि २००७ च्या विस्टापासून विंडोज प्रोग्रॅम फाइल्समध्ये तसे लिहू देत नाही. ते लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये वळवले जाते, आणि सेटिंगच्या फाइलीत केलेला बदल गेमला दिसत का नाही, याचे उत्तर अनेकदा तिथे सापडते. डायरेक्टएक्सची एखादी फाइल नसल्याचा संदेश आला, तर ती एकटी फाइल कुठूनही उतरवू नये. मायक्रोसॉफ्टचे जून २०१० चे डायरेक्टएक्स पॅकेज बसवावे, कारण त्यातील जुन्या लायब्ररी विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून नसतात. स्टीम आणि गॉगचे इन्स्टॉलर हे काम बहुधा स्वतः करतात, पण गेमचे फोल्डर एका संगणकावरून दुसऱ्यावर नुसते कॉपी केले की ते राहून जाते. एखादा गेम डायरेक्टप्ले मागत असेल, तर ते विंडोज फीचर्समधील लेगसी कंपोनंट्समधून सुरू करता येते. रंग विस्कटलेले असतील किंवा पडदा काळा राहत असेल, तर डीजीव्हूडू २ या मोफत प्रोग्रॅमच्या डीएलएल फाइली गेमच्या एक्झी फाइलशेजारी ठेवून पाहाव्यात. जुन्या डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्ट३डीच्या सूचना तो नव्या ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा करून देतो.

जीटीए सॅन अँड्रियासच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. विंडोज ११ चे २४एच२ हे अपडेट आल्यावर त्यातील स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे विमान नाहीसे झाले. शोध घेतल्यावर कळले की त्या विमानाच्या माहितीत चाकांच्या आकाराचे आकडे मुळातच लिहिलेले नव्हते आणि गेम त्या जागी मेमरीत उरलेला जुना आकडा वाचत होता. जवळपास वीस वर्षे तो आकडा योगायोगाने बरोबर येत होता. सायलेंटपॅच या चाहत्यांच्या पॅचने ती चूक दुरुस्त केली. याच गेमच्या स्टीमवरील प्रतीतून २०१४ च्या अपडेटने काही गाणी काढली गेली आणि जुने मॉड व जुने सेव्ह चालेनासे झाले, म्हणून सॅन अँड्रियासचा कोणताही मॉड घेण्यापूर्वी तो सीडीच्या १.० आवृत्तीसाठी आहे की स्टीमच्या प्रतीसाठी, हे पाहावे.

मित्रांबरोबर खेळायचे असेल तर

सगळ्यांनी एकाच स्टोअरवर गेम घ्यावा, हा सल्ला सर्वांत निर्धोक आहे. २०१६ साली कॉल ऑफ ड्यूटी : इन्फिनिट वॉरफेअर विंडोजच्या स्टोअरवर घेतलेल्यांना स्टीमवरील खेळाडूंबरोबर खेळता येत नव्हते, आणि त्यांच्या वाट्याला रिकाम्या लॉबी आल्या. आता परिस्थिती सुधारली आहे. एज ऑफ एम्पायर्स २ : डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे खेळाडू एकत्र खेळतात, बॉर्डरलँड्स ३ मध्ये एपिक आणि स्टीमचे, आणि स्टारड्यू व्हॅलीमध्ये निमंत्रणाचा कोड देऊन स्टीम व गॉगचे. गेम खेळाडूंना एकत्र आणण्यासाठी निर्मात्याचे स्वतःचे खाते आणि सर्व्हर वापरतो की स्टोअरची सेवा, हे स्टोअरच्या पानावर क्रॉस-प्लॅटफॉर्म मल्टिप्लेअरच्या नोंदीत पाहावे. सोय असली तरी सर्वांची आवृत्ती एकच हवी. एखादे अपडेट एका स्टोअरवर आज आणि दुसऱ्यावर काही दिवसांनी येते, आणि मधल्या काळात एकमेकांचा गेम यादीत दिसत नाही.

कंट्रोलरचीही अशीच गल्लत होते. प्लेस्टेशनचा कंट्रोलर स्टीमवर उत्तम चालतो आणि गॉगच्या त्याच गेममध्ये निश्चल राहतो, कारण स्टीममध्ये स्टीम इनपुट त्याची भाषा गेमसाठी बदलून देत असते. गॉगच्या गेमची एक्झी फाइल ‘अॅड अ नॉन-स्टीम गेम’ या पर्यायाने स्टीमच्या लायब्ररीत जोडून तिथून सुरू केली की कंट्रोलर चालू लागतो.

मॅकवर ऑक्टोबर २०१९ मधील कॅटालिनापासून ३२-बिट गेम चालतच नाहीत, स्टोअर कोणतेही असो. लिनक्सवर स्टीमचे विंडोजसाठीचे गेम प्रोटॉन या स्टीमच्या साधनावर चालतात आणि गॉग व एपिकचे गेम हिरोइक या लाँचरमधून लावता येतात, पण अँटी-चीट (फसवणूक रोखणारी यंत्रणा) असलेल्या ऑनलाइन गेमबद्दल आधी चौकशी करावी, कारण निर्मात्याने लिनक्सला परवानगी दिलेली नसेल तर तिथे काही उपाय नाही.

खरेदीनंतरचा पहिला तास

स्टीम आणि एपिकवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. गॉगवर ही मुदत ३० दिवसांची आहे आणि गेम खेळलेला असला तरी चालतो. स्टीम हे दोन तास गेमचा लाँचर उघडल्यापासून मोजू लागते, त्यामुळे मॉड जुळवण्यात आणि सेटिंग बदलण्यात गेलेला वेळही त्यात धरला जातो. म्हणून गेम उतरवल्यावर आधी कोणताही मॉड न लावता तो तसाच सुरू करावा, एक सेव्ह करावा, गेम बंद करून तो सेव्ह पुन्हा उघडतो का ते पाहावे, कंट्रोलर जोडावा, आणि ज्या मित्राबरोबर खेळायचे आहे त्याला बोलावून एकदा तरी त्याच्याशी जोडणी करून पाहावी. यातले काही अडले तर स्टोअरमधील व्हेरिफाय हा पर्याय वापरून फाइली तपासून घ्याव्यात, आणि तरीही अडचण सुटली नाही तर त्याच दिवशी परतीचा अर्ज भरावा व ज्या स्टोअरची प्रत आपल्या गरजेला जुळते तिथे गेम घ्यावा.